वाघुर्ड्याची अबोल घंटा

सातमाळ्याच्या डोंगराला पाठ टेकून वाघुर्डे नावाचे एक लहानसे गाव बसलेले आहे. श्री गवतोबा महाराज या गावी प्रथम आले ते पायी नव्हे, घोड्यावरूनही नव्हे, तर गवताच्या गाडीत झोपून. गाडीवानाने गंजीपाशी गाडी उलटी केली, तेव्हा पेंढ्यांबरोबर एक मनुष्यही घरंगळत खाली आला. अंगावर लंगोटी, जटांत काड्या. गाडीवान भीतीने किंचाळला. महाराज उठून बसले, डोळे चोळले आणि म्हणाले, "ओरडतोस काय गाढवा? एवढं गवत आणलंस, त्यात एक काडी जास्त झाली तर बिघडलं काय?" असे म्हणून ते पुन्हा झोपी गेले. त्या दिवसापासून ती गवताची गंजी हाच महाराजांचा मठ झाला.

महाराजांच्या तोंडी गाढव, माकड, रेडा असे शब्द सदैव असत. लोकही असे भाविक, की ज्याला शिवी मिळाली तो पेढे वाटी आणि ज्याला मिळाली नाही तो हिरमुसून घरी जाई. एकदा परगावचे एक गृहस्थ दर्शनाला आले आणि हात जोडून म्हणाले, "महाराज, आपल्या कृपेने मी राग जिंकला आहे."

"जिंकलास?" महाराज म्हणाले. "मग ठेवलास कुठे?"

"म्हणजे काय महाराज? जिंकला म्हणजे गेला."

"असा कसा जाईल? नीट बघ, घरातच असेल कुठेतरी."

"अहो, नाही म्हणून सांगतो ना! एकदा सांगितलेलं कळत नाही का?" गृहस्थ ओरडले.

"सापडला!" म्हणून महाराजांनी टाळ्या पिटल्या. काय तो आनंद! गृहस्थ आधी लाजले, मग हसले, आणि तीन दिवस गंजीपाशी राहून गेले.

याच महाराजांच्या चरणी गोजराबाई ओतारणीची निष्ठा होती. गावाच्या खालच्या अंगाला ओताऱ्यांचे एकच घर होते. घरधनी यशवंता सहा वर्षांपूर्वी वारला. त्याच्यामागे गोजराबाई आणि तिची विधवा नणंद मंजुळा, अशा दोघींनीच भट्टी विझू दिली नाही. बैलांच्या गळ्यातल्या घाटी, देवघरातले टाक, लहानमोठ्या समया त्या ओतीत आणि आपले पोट भरीत. बाईमाणसाने भट्टी लावावी हे गावाला रुचत नव्हते. पण गोजराबाईच्या घाटीचा आवाज दोन शिवारे ओलांडून ऐकू येई, म्हणून नाक मुरडणारेही घाटी तिच्याकडूनच नेत.

ओताऱ्यांत एक जुनी चाल होती. वितळलेला रस मुशीतून साच्यात उतरत असताना त्याला शिव्या द्यायच्या. गोड बोलले की रस लाडावतो, वाटेत थबकतो आणि वस्तूला भोक पडते, असा त्यांचा समज. यशवंता हे काम उरकल्यासारखे करी. गोजराबाई मात्र ते मन लावून करी. तिच्या शिव्या येथे लिहिण्याचे धैर्य होत नाही. एवढेच सांगतो, की तिच्या भट्टीतून धूर निघाला की शेजारच्या आया मुलांना घरात कोंडून घालीत आणि स्वतः दाराशी उभ्या राहून ऐकत.

ती रोज दिवस मावळण्याआधी महाराजांना भाकरी घेऊन जाई. एकदा ती म्हणाली, "महाराज, साऱ्या जगाच्या तोंडी नाम येतं, माझ्या तोंडी शिवीच येते. माझं कसं व्हायचं?"

महाराज म्हणाले, "मग शिवी दे. पण ज्याला देतेस त्याच्याकडे नीट बघून दे. नीट बघितलं की शिवी फार वेळ टिकत नाही."

आता या कथेतले तिसरे माणूस. सिद्धेश्वराच्या देवस्थानचे कारभारी त्रिंबकराव पोतनीस. गाव त्यांना तात्यासाहेब म्हणे. तात्यासाहेब पहाटे उठत, थंड पाण्याने स्नान करीत, कांदा-लसूण खात नसत, तंबाखूला शिवत नसत. त्यांना एकही व्यसन नव्हते. फक्त ही गोष्ट दिवसातून दोनदा कुणाला तरी सांगितल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नसे. त्यांच्या सज्जनपणाविषयी गावात कुणालाच शंका नव्हती, कारण शंका घ्यायला त्यांनी कधी सवडच दिली नव्हती. त्यांनी कुणाचे वाईट केले नव्हते, हेही खरेच सांगितले पाहिजे. पण ते समोरून आले की सरळमार्गी माणसालासुद्धा आपण काहीतरी चोरले आहे असे वाटू लागे.

त्या वर्षी महाशिवरात्रीला सिद्धेश्वराची जुनी घंटा तडकली. नवी घंटा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, टांगायची असे ठरले. कुणाकडून ओतून घ्यावी, हे विचारायला पंच महाराजांकडे गेले. महाराज गवत चघळत म्हणाले, "त्यात विचारायचं काय रेड्यांनो? गोजरेचं बोलणं धातूला ऐकू जातं. तीच ओतेल."

तात्यासाहेबांना हे आवडले नाही, पण महाराजांचा शब्द मोडवेना. तेव्हा निदान धातू तरी आपल्या पसंतीचा असावा म्हणून त्यांनी एक युक्ती काढली. घंटेसाठी धातू घरोघरचा घ्यायचा, हे तर ठरलेलेच होते. त्यांनी दवंडी पिटवली: देवाच्या घंटेला फक्त पुण्यवान घरचाच धातू चालेल. ज्याला द्यायचा असेल त्याने देवळाच्या पायरीवर उभे राहून, हातात बेल घेऊन शपथ घ्यावी, की गेल्या वर्षभरात माझ्या हातून पाप घडले नाही.

झाले! दुसऱ्या दिवशी सकाळी देवळापुढे ही गर्दी लोटली. धातू पारखायला गोजराबाईला बोलावले होते. ती निंबाखाली बसून पाहत होती. पहिला मान भिवसन पाटलाचा. पाटलाने गेल्या पावसाळ्यात सख्ख्या भावाचा बांध चार हात कोरला होता. पण त्याने तांब्याचे भले मोठे घंगाळ पायरीवर ठेवले, दोनदा खाकरला, आणि घेतली शपथ. पाटलाच्या मागे उभ्या असलेल्यांना त्यामुळे फार धीर आला. पाटील जर निष्पाप, तर आपण दुधाने धुतलेले, असे ज्याला त्याला वाटले. हंडे आले, कळशा आल्या, घागरी आल्या. दुपारपर्यंत उजव्या हाताला गुडघाभर ढीग झाला. वाघुर्डे हे गाव इतके पुण्यवान आहे, हे खुद्द वाघुर्डेकरांनाही त्याच दिवशी कळले.

मग हिरामण आला. आखाजीला त्या भागात सगळेच पत्ते खेळतात. पण हिरामण आखाजीची वाट पाहत नसे. त्याच्या हातात कथिलाचा एक जडशीळ गोळा होता.

"शपथ घे," तात्यासाहेब म्हणाले.

"घेतली असती तात्यासाहेब. पण हा गोळाच पत्त्यात जिंकलाय, एका कल्हईवाल्याकडून. आता हाच हातात धरून कशी घेऊ?"

लोक हसले. तात्यासाहेबांनी बोटाने डावी बाजू दाखवली. त्याच्यामागे ठकूबाई होती. तिने काशाचे जुने ताट आणि तळपायाला तेल चोळायची काशाची वाटी आणली होती.

"मी सुनेशी भांडते," ती आपणहून म्हणाली. "आजबी भांडूनच आले. अर्धं राह्यलंय, ते आता घरी जाऊन करायचंय."

"डावीकडे."

सुपडू गवळ्याने काशाचा फुटका पेला पुढे केला आणि मान खाली घातली. "दुधात पाणी घालतो. पण थोडंच, तात्यासाहेब. अन् ते बी चांगल्या विहिरीचं."

असे आणखी सात-आठ जण निघाले. डावीकडे जेमतेम पाटीभर ढीग झाला, आणि त्यांना आपापल्या वस्तू उचलून चालते व्हा असे सांगण्यात आले.

गोजराबाईने दोन्ही ढिगांकडे पाहिले. उजवीकडे सगळे तांबे. कासे आणि कथील तेवढे डावीकडे. ती पदर खोचून उठली.

"तात्यासाहेब, ह्या ढिगाची घंटा होईल, पण वाजायची नाही. नुसतं तांबं मुकं असतं. हंड्यावर टिचकी मारून बघा, थप् म्हणतो. त्यात कथील पडलं म्हंजी कासं होतं, अन् काशाला गळा असतो. मला हा डावीकडचा माल पाहिजे."

"कथील म्हणजे भेसळ," तात्यासाहेब म्हणाले. "त्यातून जुगाराचं कथील. देवाला शुद्ध लागतं, गोजरे."

"देवाला काय लागतं ते देवाला ठावं. घंटेला काय लागतं ते मला ठावं हाय."

"वा! आता ही शिव्याळ तोंडाची बाई आम्हाला शुद्ध-अशुद्ध शिकवणार. आधी चूळ भरून ये, मग देवाच्या दारात बोल."

गर्दी खदखदून हसली. मागून पाटील म्हणाला, "भट्टीपुढं बसून बसून जीभ करपलीय तिची!"

"करपली असंल, पाटील," गोजराबाई म्हणाली. "पण खोटी शपथ घ्यायला उचलली तर नाही."

हशा एकदम थांबला. पाटील आपल्या घंगाळाकडे असा पाहू लागला, जणू ते दुसऱ्या कुणाचे आहे. गोजराबाईने पाटी घेतली, डावीकडची एकूण एक वस्तू तिच्यात भरली आणि पायरीवर उभी राहून म्हणाली, "सगळ्यांनी ऐका. दोन्ही ढीग एकाच मुशीत जातील. लपूनछपून नाही, आत्ताच सांगते. ज्याला चालत नसंल त्यानं आपला हंडा उचलावा."

कुणीही हलले नाही. हंडा उचलायचा म्हणजे आपल्या शपथेकडे बोट दाखवून घ्यायचे!

तात्यासाहेबांचा चेहरा लाल झाला. "आणि नाही वाजली तर?"

"तर माझी भट्टी मोडा. घण मीच काढून देईन."

बोलून तर गेली. घरी आल्यावर मंजुळेने चुलीतले लाकूड बाहेर ओढले आणि तिच्याकडे पाठ करून बसली.

"वन्सं, जेवायला वाढा."

"भट्टी तुझी एकटीची हाय का गं वहिनी?" मंजुळा म्हणाली. "माझ्या भावानं बांधली ती. उद्या मोडली तर आपण दोघी कुणाच्या दारात उभ्या राहायच्या? मला एका शब्दानं विचारलंस?"

गोजराबाई न जेवताच उठली. ती भाकरी घेऊन गंजीपाशी गेली आणि सगळे सांगितले. महाराजांनी ऐकून घेतले.

"भट्टी कुणाच्या भरवशावर लावलीस पणाला?"

"तुमच्याच, महाराज."

"माझ्या?" महाराज म्हणाले. "बघ हं. नीट बघ." आणि कूस बदलून त्यांनी डोळे मिटले.

त्या शब्दाचा अर्थ काही तिला लागला नाही. पण काटा रुतावा तसा तो शब्द मनात रुतून राहिला.

पुढे महिनाभर दोघी कामाला जुंपल्या. मेणाची घंटा घडवली, तिच्यावर माती, शेण आणि भाताचा कोंडा कालवून लेपावर लेप दिले, उन्हात वाळवले, मेण वितळवून बाहेर काढले आणि साचा अंगणातल्या खड्ड्यात पुरला. ओतायच्या दिवशी सकाळपासून मंजुळा भाता ओढत होती. तांबे वितळले, पण घट्ट पिठल्यासारखे सुस्त पडून राहिले. मग गोजराबाईने हिरामणचा गोळा आत सोडला, ठकूबाईचे ताट सोडले, वाटी सोडली, सुपडूचा पेला सोडला. पाहता पाहता रस असा पातळ आणि चंचल झाला, की दोघींचे चेहरे त्यात लखलखले!

कुंपणापलीकडे तात्यासाहेब दहा-बारा जणांना घेऊन उभे होते. "शिवी देशील तर खबरदार," ते म्हणाले. "देवाची घंटा आहे."

गोजराबाईने मूस चिमट्यात धरली, तात्यासाहेबांकडे एकदा पाहिले, आणि रसाला अशी काही शिवी घातली, की भाता ओढणारी मंजुळासुद्धा कानाला हात लावायला विसरली. रस मुकाट्याने, एका धारेने साच्यात उतरला. मध्ये कुठे थबकला नाही की फुटला नाही. तात्यासाहेब कानांत बोटे घालून निघून गेले; इतर मात्र अखेरच्या थेंबापर्यंत उभे होते.

तीन दिवसांनी साचा फोडला. घंटा घासून पुसून अंगणातल्या निंबाच्या फांदीला टांगली आणि गोजराबाईने लाकडाच्या दांडक्याने हलकेच टोला दिला. काय तो नाद! तो अंगणातून निघाला, शिवारातून गेला आणि डोंगराला लागून परत आला. नदीवरच्या गाई माना वळवून पाहू लागल्या. महिनाभर धड न बोललेली मंजुळा वहिनीच्या गळ्यात पडून रडली.

"आता येऊ दे तुझ्या तात्यासाहेबाला!" ती म्हणाली.

"येऊ दे तर!" गोजराबाई म्हणाली, आणि तिची छाती फुगली.

आखाजी उजाडली. झाडाझाडाला झोके बांधले होते, पोरीबाळी गाणी म्हणत होत्या. घंटा वाजतगाजत देवळात नेली आणि सभामंडपाच्या तुळईला टांगली. पहिला टोला कारभाऱ्यांचा. तात्यासाहेब सोवळे नेसून पुढे झाले, देवाला हात जोडले आणि लोलक धरून घंटेवर आदळला.

लोलक लागलेला सर्वांनी पाहिला. आवाज आला नाही.

त्यांनी पुन्हा मारला. कापसाच्या गाठोड्यावर मुसळ पडावे तसे झाले. पाटील पुढे सरसावला, त्याने अंगातले सगळे बळ लावले. घंटा नुसती हलली. एकामागून एक दहा जणांनी हात लावून पाहिला. घंटा अबोल ती अबोलच.

गोजराबाई पुढे होऊन घंटा चाचपू लागली. तिने स्वतःच्या कानांनी ऐकलेला नाद कुठे गेला? गावभर ऐकू गेला होता ना? पण त्या क्षणी ती आठवण कुणालाच सोयीची नव्हती.

"वारा वाजला असंल त्या दिवशी," पाटील म्हणाला.

तात्यासाहेब गर्दीकडे वळले. त्यांचा आवाज मोठा शांत होता. "पापाचा धातू पोटात गेला आणि देवाची घंटा मुकी झाली. मी सांगत होतो. मला कुणाचं वाईट करायचं नाही, पण शब्द तिचा आहे. गोजरे, घण आण."

मंजुळेने तिचा हात धरला. "जाऊ नको गं वहिनी. पाया पड त्यांच्या, चुकलं म्हण."

"काय चुकलं म्हणू?" गोजराबाईचे डोळे भरले होते, पण मान ताठ होती. "घंटा मी चांगली ओतली. ज्यांनी खरं सांगितलं त्यांचा माल घेतला. ह्यात चुकलं असंल तर देवानं सांगावं, तात्यासाहेबांनी नाही. शब्द दिला तो दिला." ती घरी गेली, नवऱ्याचा घण खांद्यावर टाकून परत आली आणि तात्यासाहेबांच्या पुढ्यात तो धाडकन टाकला. "उचला. अन् तुमच्याच हातानं घाव घाला."

तात्यासाहेबांनी तो पाटलाला उचलायला लावला आणि मंडळी ओतारणीच्या घराकडे निघाली. देवळाच्या पायऱ्या उतरून पाहतात तो काय! गल्लीच्या तोंडाशी वाट अडवून, खाली गवत पसरून गवतोबा महाराज आडवे झोपले होते. गल्ली अरुंद, दोन्ही बाजूंना घरांच्या भिंती. महाराजांना ओलांडणार कोण? सगळा गाव एका लंगोटीपुढे थांबला.

"महाराज, थोडं बाजूला होता का?" तात्यासाहेबांनी विनवले.

महाराजांनी एक डोळा उघडला. "एवढे पुण्यवान एकदम कुठे निघाले?"

"भट्टी मोडायला. घंटा बोलत नाही."

"तिच्याशी कुणी खरं बोललंय का आजवर?" महाराज उठून बसले. "माकडांनो, खोट्या शपथांचं गुडघाभर तांबं तिला खाऊ घातलंत, तिचं पोट फुगणार नाही तर काय? अंगणात ती वाजली, तेव्हा तिच्यापुढं मिरवायला कुणी उभं नव्हतं. पाप बिचारं लाजाळू असतं, ते मागच्या दारानं येतं अन् कोपऱ्यात बसतं. 'मी चांगला' हा जो पाहुणा आहे ना, तो पुढच्या दारानं येतो, अन् आपणच त्याला पाट मांडतो. मग तो बोलतो आणि घरातलं कुणी बोलत नाही. जा, एकेकानं आपलं एक खरं सांगा आणि मग टोला द्या. गोजरे, ओतलीस तू. पहिली तू जा."

"मी?" गोजराबाई तडकली. "महाराज, सगळ्या गावात मीच तर खरं बोलले! तुम्हीबी माझ्यावरच?"

"बोललीस," महाराज म्हणाले. "अर्धं."

गोजराबाई रागारागाने पायऱ्या चढली. घंटेखाली उभी राहिली. घंटेच्या घासलेल्या अंगात तिला आपलाच चेहरा दिसला, फुगलेला आणि वेडावाकडा. ती त्याच्याकडे पाहत राहिली. महिनाभर मनात रुतलेला 'नीट बघ' हा शब्द एकदम हलला. लोक वाट पाहत होते. ती बोलली तेव्हा तिचा आवाज नेहमीसारखा चढा नव्हता.

"भट्टी मी महाराजांच्या भरवशावर नाही लावली. मला तात्यासाहेबांचं नाक कापायचं होतं. त्यापायी वन्संचं घर डावावर लावलं, अन् त्यांना विचारलंसुद्धा नाही. घंटा वाजावी असं वाटत होतं, ते देवासाठी नव्हतं." मग तिने डोळे पुसले आणि गर्दीवर नजर फिरवली. "पण माल मी खरा घेतला, ते मी अजून म्हणते. कितीदाबी म्हणीन!"

आणि तिने टोला दिला.

घंटा अशी दणाणली, की तुळईवरची कबुतरे फडफडत बाहेर पडली! मंजुळा तिथेच मटकन खाली बसली आणि हसू लागली.

"योगायोग आहे," तात्यासाहेब म्हणाले. त्यांनी पुढे होऊन लोलक ओढला. थप्! कापसाचे गाठोडे. या वेळी हशा पिकला, आणि आयुष्यात प्रथमच तो त्यांच्यावर होता.

हिरामण धावत आला. "मी पत्ते खेळतो, अन् आज घरी गेल्यावर पुन्हा खेळणार हाय!" घंटा खणखणली. महाराज गल्लीतून ओरडले, "शाबास गाढवा! निदान उद्याचंसुद्धा खरं सांगितलंस!" ठकूबाई आली आणि म्हणाली, "सून माझ्यापेक्षा चांगली भाकरी करते, म्हणून मी भांडते." हे मात्र तिने स्वतःशीसुद्धा कधी म्हटले नव्हते. घंटा वाजली, आणि गर्दीतली सून ओठ चावून रडू लागली. मग रांगच लागली. जो तो दुसऱ्याला मागे सारून आपले पाप पुढे करू लागला. एकाने तर काहीतरी मोठे सांगायचे म्हणून न केलेलेच पाप सांगितले, तेव्हा घंटा गप्प बसली आणि त्याला रांगेत मागे जावे लागले!

भिवसन पाटील घण खांद्यावर घेऊन किती तरी वेळ उभा होता. शेवटी त्याने तो खाली ठेवला. घंटेपाशी गेला, भावाकडे पाहिले आणि म्हणाला, "चार हात. उद्या परत देतो." टोला दिला. नाद घुमत असतानाच भाऊ पायऱ्या चढून आला.

उरले तात्यासाहेब. त्यांना कुणी बोलावले नाही, कुणी टोमणाही मारला नाही. घराकडची वाट मोकळी होती. ते खांबाला टेकून उभे राहिले. काय सांगावे? कांदा खाल्ला नव्हता. खोटे बोलले नव्हते. चोरी नाही, चहाडी नाही. मनातल्या एकेका खोलीचे दार उघडून त्यांनी पाहिले. सगळीकडे सारवलेले, पुसलेले. शेवटी एका खोलीपाशी ते थबकले. तिचे दार त्यांनी ढकलले.

ते घंटेखाली आले. मोठ्याने बोलायची सवय असलेला तो माणूस इतक्या हळू बोलला, की पुढच्या दोन रांगांनाच ऐकू गेले.

"सकाळी घंटा वाजली नाही," ते म्हणाले, "देवाची घंटा मुकी निघाली... आणि मला आनंद झाला."

त्यांनी लोलकाला नुसता हात लावला. टोला म्हणावा असा तो नव्हताच. पण त्या घंटेने जो नाद केला तो सर्वांहून मोठा होता आणि सर्वांहून लांबवर गेला. झोक्यांवरच्या पोरींनी गाणे थांबवले. डोंगराने तो नाद एकदा परत दिला, दोनदा दिला.

तात्यासाहेब पायऱ्या उतरले आणि महाराजांच्या पायांवर कोसळले. महाराजांनी झटकन पाय गवतात ओढून घेतले.

"इकडे काय ठेवलंय? इथं नुसत्या काड्या आहेत. ज्यांची भट्टी मोडायला निघाला होतास, तिकडे जा."

तात्यासाहेब उठले. गर्दीने वाट दिली. गोजराबाई मंजुळेला धरून उभी होती. ते समोर येताच ती दोन पावले मागे सरली.

"माझ्या पाया पडू नका, तात्यासाहेब," ती म्हणाली. "मी काही चांगली बाई नाही."

"मीही नाही, गोजराबाई," तात्यासाहेब म्हणाले, आणि साऱ्या वाघुर्ड्यासमोर त्यांनी आधी मंजुळेपुढे आणि मग गोजराबाईपुढे जमिनीला मस्तक टेकले.